एक्स्टेन्शन दोनशे चौदा

"शुक्रवारचा फोन मी घेणार," भूगोलाच्या सरांनी सांगून टाकलं, तेव्हा टॉपरनं आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांना नकार दिला.

"नको, सर. तुम्हाला नाही जमायचं."

"न जमायला काय झालं? वीस वर्षं बोलण्याचाच पगार घेतोय. आणि तू जरा आरशात बघ. डोळ्यांखाली काय झालंय!"

तिनं डोळ्यांवरून हात फिरवला. सरांना वाटलं, पटलं.

सर खरोखरच भूगोलाचे. मुलं अभ्यासानं पार पिचून जातात, तेव्हा त्यांचं मन सांभाळायला प्रत्येक कॉलेजात कक्ष हवाच, असं वरून पत्र आलं आणि ज्यांचे तास सर्वांत कमी त्यांच्या गळ्यात ते पडलं. वाऱ्यांचे पट्टे शिकवणारा माणूस मनातली वादळंही बघून घेईल, असं प्राचार्या बाईंना वाटलं असावं. वाचनालयामागची खोली मिळाली. त्यात टेबल, दोन खुर्च्या, भिंतीला टेकवलेलं लोखंडी कपाट आणि फोन. मुलांना तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून फोन, आणि कुणाचा नंबर दिसू नये म्हणून जुन्या पद्धतीचा, वायरीचा. कॉलेजचा नंबर फिरवायचा, पुढे दोनशे चौदा. फीत कापली, फोटो निघाले, जिन्याजिन्यात पोस्टरं लागली : 'थकलात? बोला.'

फोनवर बसायला मात्र कुणी मिळेना. टॉपर आपणहून आली. तिसऱ्या वर्षाची, प्रत्येक परीक्षेत पहिली. खरं नाव आता फक्त हजेरीपटावर उरलं होतं. रोज चार ते पाच ती तिथे बसे. शेजारी मुलं वाचत असतात म्हणून तिनं फोनची घंटी बंद करून ठेवली होती. मग फोन आलेला कळतो कसा, असं सरांनी एकदा विचारलं, तर म्हणाली, "मी समोरच असते ना, सर."

सर कधी दारातून डोकावत. ती रिसीव्हर कानाला लावून हळू आवाजात बोलत असे. बरंचसं तीच बोले. समजूत घालायची तर बोलावं लागतंच, असं म्हणत सर पाय न वाजवता परत फिरत. शेजारी तिचा डबा असे, बहुधा न उघडलेला. स्वतःचा अभ्यास सांभाळून दुसऱ्याचं रडगाणं ऐकायचं म्हणजे खायचं काम नाही, असं ते स्टाफरूममध्ये कौतुकानं सांगत.

वार्षिक अहवालात आकडा झळकला : एकशे बारा फोन. हे सगळे एकाच विद्यार्थ्याचे, असं टॉपरनं सांगितलं होतं, पण 'विद्यार्थी किती' असा रकाना नव्हता, आणि नसलेला रकाना भरण्याइतके सर भोळे नव्हते. दोनशे चौदा लागतच नाही, अशी दोघातिघांनी कुरकुर केली, तेव्हा त्यांनी 'सेवेला प्रचंड प्रतिसाद, लाइन सतत व्यस्त' असं लिहिलं. प्राचार्या बाईंनी त्या ओळीखाली लाल रेघ मारून 'उत्तम' असा शेरा दिला.

फोनची वही मात्र सरांनी परवापर्यंत नीट वाचली नव्हती. नाव विचारायचं नाही, पलीकडचं बोलणं तेवढं टिपून ठेवायचं, असा नियम होता. टॉपरचं अक्षर मोत्यासारखं.

'झोप दोन तास. वाचलेलं डोक्यात शिरत नाही.'

'घरी फोन केला. आईनं मार्क विचारले. मग वडिलांनी मार्क विचारले.'

'हसून दाखवायचाही कंटाळा आलाय.'

आणि मंगळवारी : 'शुक्रवारी चारला शेवटचं. त्या दिवशी तरी कुणी माझ्याशी बोललं नाही, तर सगळं संपवायचं.'

सरांनी वही मिटून काखेत मारली. ते प्राचार्या बाईंकडे गेले. बाई म्हणाल्या की अहवाल रवाना झालाय, आता घोळ नको. मग सर ओळखीच्या डॉक्टरांकडे गेले, तासभर बसले आणि काय बोलायचं ते चिठ्ठीवर उतरवून आणलं. रात्री आरशासमोर उभे राहून त्यांनी ते इतक्यांदा घोकलं, की बायकोनं विचारलं, नोकरी बदलताय की काय.

शुक्रवारी चारला पाच कमी असताना टॉपर दारात आली.

"मी नुसती बसू का, सर? एक शब्द बोलणार नाही."

"अजिबात नाही. आज तुला सुट्टी. घरी जा आणि ताणून दे."

ती जागची हलली नाही. "काय सांगणार आहात त्याला?"

सरांनी चिठ्ठीवर हात ठेवला. "ते त्याच्यासाठी आहे, बाळा. त्यालाच सांगेन."

तिनं मान हलवली. खोलीची किल्ली टेबलावर ठेवली, खुर्ची सरळ केली, "येते, सर" म्हणाली आणि आवाज होऊ न देता दार लावून घेतलं.

चार वाजले. चार दहा झाले. सरांनी घंटी चालू केली. चार वीस. घाम पुसून त्यांनी रिसीव्हर उचलला. आत काहीच नव्हतं, साधी घरघरही नाही. नेमकी आजच मेली लाइन! ते धावत तळमजल्यावर गेले आणि टेलिफोन ऑपरेटरला जवळजवळ ओढतच वर घेऊन आले. तो मुलगा पलीकडे वाट बघत असेल, एक-एक मिनिट मोलाचं आहे, हे ते जिनाभर सांगत होते.

ऑपरेटर शांत माणूस. त्यानं फोन उलटा करून पाहिला, वायर धरून मागे मागे गेला, मग खांदा लावून कपाट सरकवलं. कपाटामागे वायरीचं वेटोळं पडलं होतं. त्याला कारखान्यातून आलेलं रबर तसंच होतं, आणि टोकावरची प्लास्टिकची पिशवी कुणी फाडलेलीच नव्हती.

"लाइन मेलेली नाही, सर," तो हात झटकत म्हणाला. "इथे लाइन कधी आलीच नाही. दोनशे चौदाचा अर्ज अजून खाली सहीला पडून आहे."