वासाचे साहेब

वासाचे साहेब गल्लीच्या तोंडाशी गाडीतून उतरले आणि उतरताक्षणी शिंकले. फिनेल!

त्यांना घ्यायला उभ्या असलेल्या, गल्लीतल्याच शिकलेल्या मुलीने कपाळावर हात मारून घेतला. काल दारोदार फिरून तिने घसा फोडून सांगितलं होतं, "उद्या काही म्हणजे काही करू नका. झाडू नका, धुऊ नका, अत्तरं शिंपडू नका. गल्ली आहे तश्शी राहू दे." सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. आणि आज बघावं तर फरशा चकाचक, उंबऱ्या-उंबऱ्यावर अत्तराचा शिडकावा, आणि दारादारांत ठेवणीतले कपडे घालून माणसं उभी. या सगळ्याची मुकादम कोण, हे विचारायलाच नको होतं. बाह्या सारून, हातात रिकामी बाटली घेऊन तिची आई सगळ्यांच्या पुढे उभी होती.

"आई, काय करून ठेवलंस हे!"

"अगं, सरकारी माणूस पहिल्यांदा येतोय आपल्याकडे. त्याला काय घाणीत उभं करू? लोक म्हणतील, मुलगी एवढी शास्त्रज्ञ आणि आई बघा!"

गल्लीच्या पाठीला पाठ लावून सरसाचा कारखाना होता. कातडी नि हाडं उकळून तिथे लाकूड चिकटवायचा सरस काढत, आणि आता मालकाला दुसरी भट्टी हवी होती. साहेबांचं नाक आज त्याच्या दुर्गंधीला शून्य ते पाचमध्ये जो आकडा देईल, त्यावर ते ठरणार होतं. तीनच्या वर गेला तर भट्टी रद्द. नाही गेला तर परवानगी तयारच होती.

या कामाला तालमीत तयार केलेलं नाक लागतं, आणि तेही बाहेरचं. राहणाऱ्याचं चालत नाही, त्याला सवय झालेली असते. शास्त्र म्हणून नियम बरोबरच होता. तिने स्वतः तो परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. वसतिगृहातून सुट्टीला घरी आली की पहिल्या दिवशी तिला घास उतरत नसे, आणि आठवडा सरायच्या आत वास कुठे गेला ते कळतही नसे. पण नियम आठवला की तिचं डोकंच फिरायचं. जन्मभर ज्यांनी सोसलं त्यांची साक्ष बाद, आणि घटकाभर येऊन जाणाऱ्याची पक्की. हा कुठला न्याय?

साहेब डोळे मिटून, हनुवटी वर करून गल्लीभर हिंडले.

"फिनेल," ते म्हणाले. "अत्तर. दोन प्रकारचं."

"आणि सरस?"

"पुसटसा. एक."

"साहेब, हे सगळं आज सकाळी—"

"ताई, मला दिसतंय की. पण मी दिसतं ते देत नाही, नाकाला लागतं ते देतो. आज तुमच्यासाठी खोटा आकडा दिला, तर उद्या त्यांच्यासाठीही देईन."

त्यांच्या जागी तीही हेच म्हणाली असती. तिला रडूच फुटायचं बाकी होतं.

आईला मात्र एकच दिसत होतं, की पाहुणा दारावरून परत चाललाय. तिने साहेबांना जवळजवळ ओढतच आत आणून खुर्चीत बसवलं.

"चहा टाकते."

"नको मावशी. मोजणीच्या दिवशी चहा चालत नाही आम्हाला. आज साबणसुद्धा लावला नाही मी."

"अगं बाई!" आई दोन पावलं मागे सरली. "मग निदान पाणी तरी घ्या."

साहेबांनी पाणी घेतलं, घाम पुसला, शर्टाचं वरचं बटण सोडलं. खोलीत नुसती काहिली होत होती. "जरा ती मागची खिडकी उघडता का?"

आईला हसू आलं. "ती होय? ती उघडायची नाही, साहेब. ती उजेडाची आहे."

"अडकलीय का?"

"अडकेल कशाला! हे रंगारी आहेत ना. दर वर्षी फटींत लांबीचा लगदा भरतात आणि वरून रंगाचा हात देतात. आमचीच काय, अख्ख्या गल्लीतल्या मागच्या खिडक्या यांनीच बुजवल्यात." आईच्या आवाजात अभिमान मावत नव्हता.

"का पण?"

आईने कोपऱ्यात बसलेल्या बाबांकडे बघितलं. बाबांनी डोकं खाजवलं. "का म्हणजे... माझे वडील भरायचे. म्हणून मीही भरतो."

ती त्या खिडकीकडे बघतच राहिली. त्याच उजेडात बसून तिने अभ्यास केला, हवेवर पदवी मिळवली, आणि या खिडकीला बिजागऱ्या आहेत हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं!

"साहेब," ती म्हणाली, "मोजणी घरातून घेतलेली चालते?"

"राहत्या घरातली तर सगळ्यांत पक्की."

"बाबा, पत्रा आणा तुमचा!"

लांबी भरायच्या त्याच पत्र्याने बाबा लांबी खरवडायला लागले. "चांगल्या कामाची वाट लावायची म्हणजे," असं पुटपुटत होते, पण हात झरझर चालत होता. निळा रंग निघाला, त्याखालून हिरवा, त्याखालून पिवळा. मग तिने खांदा लावला, आणि दोन्ही दारं धाडकन उघडली.

साहेब खिडकीत गेले आणि एक श्वास घेतला. दुसरा घ्यायची वेळच आली नाही. रुमाल नाकावर गेला, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मागच्या मागे खुर्चीवर आदळले.

"पाच," ते रुमालाआडून म्हणाले. "याच्या वर आकडाच नाही हो."

तिने किंचाळून बाबांना मिठी मारली, अंगावरच्या रंगाच्या भुग्यासकट. दारात जमलेल्यांतून कुणीतरी गल्लीभर ओरडत सुटलं, "पैकीच्या पैकी! पैकीच्या पैकी!"

आईचं या कशाकडेच लक्ष नव्हतं. ती खिडकीत जाऊन उभी राहिली होती. कपाळावरचे केस भुरभुर उडत होते. डोळे मिटून तिने छाती भरून श्वास घेतला.

"अगं, केवढा गार वारा येतो इथून!" ती म्हणाली. "आता ही उघडीच राहू दे."