परसातला गवती चहा

सुनेने परसात लावलेला गवती चहा वर्षभर नुसता जीव धरून होता. सासरे राहायला आले आणि तो असा काही माजला, की येईल त्याला ती कौतुकाने त्याच पातीचा चहा पाजू लागली. सासरे तेवढे म्हणायचे, "मला आपला साधाच कर."

रविवारी तिची आई आली. दुसरा कप संपवत म्हणाली, "काय वास आहे गं! अहो व्याही, हातगुण तुमचाच. घालता तरी काय त्याला?"

सासरे चपापले. सून मागेच लागली, "सांगा ना बाबा, लाजता काय?"

 

"अगं, सकाळी तुझा नवरा मोबाईल घेऊन तासभर संडासात बसतो. मग म्हाताऱ्याने जायचं कुठे?"