गुरांची नवी डॉक्टर

बैल कशाने मेला ते बघायला, त्याचं पोट फाडण्यासाठी वामनरावांनी सुरी काढली, तोच नव्या डॉक्टर रुबिनाने त्यांचं मनगट धरलं.

“काका, कापू नका! नाकातलं रक्त गोठलेलं नाही. फाशी रोग असेल, तर त्याचे जंतू मातीत उतरून वर्षानुवर्षं राहतील.”

गुरांच्या दवाखान्यात सव्वीस वर्षं मलमपट्टी केलेले वामनराव सगळ्यांसमोर कानकोंडे झाले. तिला येऊन दोन महिने झाले नव्हते, आणि गाव त्यांना सोडून तिच्या तोंडाकडे बघत होतं. तिचं निदान खोटं ठरावं, असं त्यांना मनापासून वाटलं.

तिसऱ्या दिवशी रक्ताचा नमुना तपासून प्रयोगशाळेनेही फाशीच सांगितली. रुबिना लस घेऊन चौकात उभी राहिली. पण लसीने दूध आटतं म्हणून कुणी जनावर आणेना. ते ऐकून वामनरावांना बरंच वाटलं.

दुपारी ती त्यांच्या दारात आली. “काका, रोग मला ओळखता येतो, पण लोक तुमचं ऐकतात. मला तुमचा फार हेवा वाटतो.”

वामनराव तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी गोठ्यातली आपली दुभती गाय सोडली आणि सगळ्यांच्या देखत चौकात नेली.