फ्रिजवरचं घड्याळ

“सूनबाई, चुंबकाजवळ घड्याळ ठेवू नकोस, पिसाळतं ते,” अण्णा म्हणाले होते. गौतमीने सासऱ्यांचं बोलणं हसण्यावारी नेलं आणि त्यांचंच किल्लीचं मनगटी घड्याळ फ्रिजवरच्या चुंबकाच्या हुकाला टांगलं. बाळाला दर तीन तासांनी खिमट भरवायचं, तर वेळ डोळ्यांसमोर हवी. रोज सकाळी ते पुढे गेलेलं असायचं. जुनंच ते, म्हणून ती वेळ लावून मोकळी व्हायची.

आठवड्याभरात चमचा दिसला की बाळ तोंड फिरवायला लागलं. गौतमी रडकुंडीला आली. डॉक्टर वजनकाट्याकडे बघून म्हणाले, “हा जेवत नाही? अहो, पैलवान झालाय!”

घरी येऊन तिने हॉलमधल्या घड्याळाशी ताडून पाहिलं. तिथे बारा, फ्रिजवर एक! सासूबाईंचं वास्तूचं होकायंत्र तिने टेबलावर त्या घड्याळाशेजारी ठेवलं, तर सुई गर्रकन घड्याळाकडे वळली.

“अगंबाई, आपली उत्तर दिशा सरकली!” सासूबाई किंचाळल्या.

“आई, घड्याळात चुंबक शिरलाय, म्हणून पळतंय. बाळाला भूक लागायच्या आतच मी भरवत होते.”

“घड्याळजीचं दुकान चारला उघडतं. चुंबक काढून आणतो,” अण्णा खुशीत म्हणाले. जेवून पडले, उठले आणि “चार वाजत आले की!” म्हणत निघालेही, मनगटावर तेच घड्याळ बांधून. गौतमीच्या लक्षात आलं तेव्हा हॉलमध्ये सव्वादोन झाले होते.

मोबाईल त्यांनी घरीच ठेवलाय. तुम्ही कासार गल्लीतून जाणार असाल, तर बंद दुकानासमोर टोपीवाले आजोबा ठीक आहेत ना, तेवढं बघाल? दुकानदाराला शिव्या घालत असतील.