वाळत घातलेल्या पिशव्या

बाल्कनीतल्या दोरीवर जाळीच्या पिशव्या ओळीने वाळत होत्या. प्रत्येकीला दोन-दोन चिमटे. गावाहून परतलेली सून खांद्यावरची बॅगही न उतरवता त्यांच्याकडे बघत राहिली.

"बघितल्यास का?" सासूबाईंनी खुर्चीतूनच हौसेने विचारलं. "आमच्या फिरायच्या मंडळींनी काल ओढा साफ केला. म्हटलं, सुनेचा ओढा आहे, आपण मागे राहायचं नाही. कोण्या शहाण्याने दगडांना बांधून ठेवल्या होत्या बघ! आत नुसती कुजकी पानं. गुडघाभर पाण्यात उतरून सोडवल्या मी. जाळी चांगली आहे म्हणून साबणाने धुतल्या. कांदे ठेवायला होतील."

"ती शहाणी मीच, आई."

सून काय काम करते, याबद्दल घरात एवढंच माहीत होतं की ते 'पाण्याचं काहीतरी' आहे. काम तसं साधं होतं. काठावरच्या झाडांची पानं वजन करून पिशवीत भरायची, ओढ्यात बांधायची, काही महिन्यांनी काढून पुन्हा वजन करायचं. जेवढं घटलं तेवढं ओढ्याने खाल्लं. आधी किडे खातात, किड्यांना मासे खातात, आणि उरलेला चुरा वाहत खाडीच्या चिखलात जातो, तिथल्या खेकड्यांच्या तोंडी.

आता ती झाडं तोडून काठाने फरशीची वाट करायचं पालिकेच्या मनात होतं. सोमवारी सुनावणी होती. झाडं गेली तर ओढा उपाशी मरेल, हे सून या पिशव्यांवरून दाखवणार होती. दुसरा पुरावा तिच्याकडे नव्हता. आणि फरशीची वाट मागणाऱ्यांत सासूबाई सगळ्यांत पुढे होत्या, कारण कच्च्या वाटेवर त्यांचे गुडघे दुखत.

सुनेने हे सगळं सांगितलं तेव्हा सासूबाईंचा चेहरा उतरला.

"पिशव्यांना लावलेले नंबरांचे पत्रे वाटीत जपून ठेवलेत मी," त्या म्हणाल्या. "त्याने काही होईल?"

"नाही."

सुनेला भयंकर राग आला होता. पण तो काढायला समोर फक्त एक म्हातारी बाई होती, कालपासून गुडघ्यांना मलम चोळत बसलेली. सुनेने बॅग खाली ठेवली.

"आतली पानं कचऱ्यात गेली असतील."

"कचऱ्यात कशाला? कुंडीत घातली. अस्सल खत आहे ते. थोडे किडे होते, म्हटलं असू देत, मातीला चांगले."

"मग ओढ्यातच ती घाण कशी झाली, आई?"

 सासूबाई उठून एकेक चिमटा काढू लागल्या.

रविवार दोघींनी मोजकं बोलून काढला.

सोमवारी सून निघाली तेव्हा सासूबाई बाहेर जायचे कपडे घालून दारात उभ्या होत्या. बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली कुंडी.

"तुम्ही कुठे?"

"आमची मंडळी येणार ना सुनावणीला. पानं घाण म्हणून मीच काढली आणि खत म्हणून मीच कुंडीत घातली, एवढं सांगते. हसतील. हसू देत."

"आणि तुमचे गुडघे?"

"गुडघे काय, घरात बसूनही दुखतातच." त्यांनी कुंडी सुनेच्या हातात दिली आणि भिंतीला धरून चपलेत पाय सरकवला. "नीट धर. सांडू नकोस. उरलंय ते एवढंच."