तिसरा पापुद्रा

"मॅडम, आईच्या डोळ्यावर तुम्ही लावता तो पापुद्रा खरंच बाळंतिणीच्या वारेचा असते का?"

कौमुदीची हे विचारायची हिंमतच होणार नाही, अशी पैज तिच्या मैत्रिणींनी, पिंकी आणि स्नेहलनं, लावली होती. तिनं विचारलं, तेही भरल्या वॉर्डात, राऊंडच्या वेळी. नववीपर्यंत वर्गात हजेरीपलीकडं तोंड न उघडणारी पोट्टी ती. पण यंदा शाळेच्या वादविवादात पहिली काय आली, जिभेला चाकंच लागली.

डॉक्टर रूपाली हसल्या. "असतो ना. सिझेरियनच्या वेळी बाया वार दान करतात. तिच्यातला पातळ पापुद्रा तपासून, गोठवून ठेवतात. जखमेवर लावला की त्याच्या आधारानं नवा थर धरतो."

"म्हणजे कोण्यातरी लेकराचं पांघरूण माह्या आईच्या डोळ्यावर."

सगळा वॉर्ड हसला. आई, सुजाता, तेवढी हसली नाही. चांगल्या डोळ्यानं भिंतीकडं पाहत राहिली.

झालं कसं, हे बाबा येईल-जाईल त्याला स्वतःहून सांगायचे. "माह्याच हातून झालं, जी. तंबाखू मळून राहिलो होतो, चुन्याची डबी निसटली अन् थेट हिच्या डोळ्यात." कौमुदी तेव्हा ट्यूशनला गेली होती. भनपुरीच्या गोदामातली ड्यूटी संपली की बाबा, लोकांचे नरेशबाबू, डबा घेऊन हजर, आईचे पाय चेपणार, ब्राह्मणपाऱ्यातल्या देवळातला अंगारा उशीखाली ठेवणार. शेजारच्या बाया म्हणायच्या, नवरा असावा तर असा.

नशीब मात्र हात धुऊन मागं लागलं होतं. पहिला पापुद्रा झकास बसला. डॉक्टर म्हणाल्या, "उद्या सुट्टी." सकाळी पाहतात तर पापुद्रा सुटलेला, जखम उघडी. दुसरा लावला, वरून प्लास्टिकची वाटी चिकटवली. "उद्या सुट्टी" म्हटलं, आणि सकाळी पुन्हा तेच.

बाबा वॉर्डातल्या रात्रपाळीच्या आयावर उखडले. "तुमचं लक्ष कुठं राहते, भीमाबाई?"

"मैं का करंव, भैया? दीदी तो रातभर जागती पडी रहती है."

"दुखत असंन बिचारीचं," बाबा म्हणाले आणि डोळे पुसले.

तिसरा लावल्यावर डॉक्टरांनी बापलेकीला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. "बुबुळाचा पडदा कागदासारखा झालाय. हा गेला तर भोक पडेल. मग डोळा वाचवणं माझ्या हातात नाही."

कौमुदीनं विचारलंच, "मॅडम, पापुद्रा निघते कशानं?"

"चोळल्यानं. झोपेत हात जातो माणसाचा."

"मंग मी हात धरून झोपतो. बाबाले तर रात्री बायांच्या वॉर्डात थांबू देत नाहीत."

त्या दिवसापासून तिनं आईचा हात सोडला नाही. पिंकीनं वह्या आणून दिल्या, तिनं त्या उघडल्याही नाहीत. नारळ बोलली, उपास धरला, ज्या देवाचं नाव आठवलं त्याच्याशी सौदा केला. माहा एक डोळा घे, पण आईचा ठेव, असंही म्हणून झालं. आईला म्हणायची, "आई, तूही माग ना काहीतरी." आई नुसती तिच्या केसांवरून हात फिरवायची.

आणि पापुद्रा टिकला. काही दिवसांनी दुपारच्या राऊंडला डॉक्टरांनी मशीनवर डोळा पाहिला, पुन्हा पाहिला. "नवा थर धरलाय. कौमुदी, जिंकलीस तू. उद्या सुट्टी."

कौमुदी नाचायचीच बाकी राहिली. संध्याकाळी बाबा सदर बाजारातून पेढे घेऊन आले. वॉर्डभर वाटले. मग पलंगावर बसून आईच्या खांद्यावर हात ठेवला. "सगळं घर धुऊन ठेवलं, सुजाता. आता तुले कुठंच जाऊ देत नाही."

"हव," आई म्हणाली.

कौमुदीनं पेढा घ्यायला तिचा हात सोडला होता. आईचा हात चादरीखालून निघाला आणि हळूहळू डोळ्यावरच्या वाटीकडं गेला. बोटं चिकटपट्टीची कड शोधू लागली. कौमुदीनं झडप घालून मनगट धरलं. झोपेतल्या माणसाच्या हातात इतका जोर नसतो. आई टक्क जागी होती, आणि चांगला डोळा ना पेढ्याकडं, ना लेकीकडं, आपल्या खांद्यावर ठेवलेल्या बाबांच्या हाताकडं लागला होता.

कौमुदीनं पेढा खाली ठेवला. वादविवादात उभी राहायची तशी ताठ उभी राहिली. आईचं मनगट मात्र सोडलं नाही.

"आई, बाबा, मी ठरवलं. उद्या सुट्टी झाली की आईले मी तुमच्या घरी नाही, अमरावतीले मामाकडे नेणार. मंग घरी जावं लागू नये म्हणून तिले स्वतःच्या हातानं स्वतःचा डोळा फोडावा लागणार नाही."