अकरा नावांचं पान

"चावी उंदरानं नेली असंल गो," हौसा म्हणाली. चावी तिच्या कमरेलाच होती, पदराखाली, पोटाला टोचत.

समीक्षा हसली. सकाळच्या गाडीनं रोह्याहून येऊन जिते स्टेशनला उतरून खाडीकाठच्या या गावापर्यंत चालत आलेली पोरगी, ती काय अशी परत जाणार? गावातल्या प्रेसबिटेरियन ख्रिस्ती मंडळीला शंभर वर्षं होत होती, इतिहास छापायचा होता, आणि लिहायचं काम हिच्याकडं. अख्खा इतिहास हौसाच्या खाटेखालच्या ट्रंकेत.

"आजी, बाप्तिस्म्याचं रजिस्टर तेवढं द्या. पुस्तकात छापू तीच यादी पुढं धरायची, असं पाळकांनी ठरवलंय. कबरस्थानात जागा उरली नाही ना. आता यादीत नाव असेल त्यालाच जागा."

हौसानं पदर कमरेशी घट्ट खोचला.

मंडळीत तिच्याएवढं जुनं माणूस कुणी नव्हतं. प्रभुभोजनाची भाकर भाजायची तीच, पहिल्या बाकावर बसायची तीच. आणि तिचा बाप्तिस्माच झाला नव्हता! चौपन्न वर्षं ही गोष्ट तिनं पोटात दाबून ठेवली होती.

तेव्हा ती नवी नवरी. बाप्तिस्मा द्यायला मुंबईहून पाळक यायचे ते वर्षातून एकदा. त्या दिवशी अकरा जण उभे होते. पुरुषांच्या रांगेत शेवटी तिचा नवरा दत्तात्रेय, बायकांच्या रांगेत शेवटी, दाराशी, ती. पुरुषांची रांग पुढं सरकत होती तेवढ्यात बाहेरून ओरडा झाला, मिठागराचा बांध फुटला! घरात सासू एकटी, तापानं फणफणलेली. हौसानं मागं वळून पाहिलं नाही. चपला तिथंच टाकून पळत सुटली.

दत्तात्रेय आला तो दिवे लागल्यावर. छातीवरचा चिखल सुकून पांढरा पडला होता.

"झाला का गो बाप्तिस्मा?"

पाळक शेवटची एस्टी पकडून गेले होते. शेजारीपाजारी दारात उभे. तिच्या तोंडून निघून गेलं, "झाला. तुमचा?"

"माझा तर आधीच," तो पाय धुता धुता म्हणाला.

झालं! एकदा बोलून बसल्यावर परत कसं फिरायचं? पुढं तर तो मंडळीचा चिटणीस झाला. मग चिटणिसाच्या बायकोनं कुठल्या तोंडानं सांगायचं?

माणूस मात्र भलता काटेकोर. "चिटणिसानं आपल्या घरची ओळ आपण लिहायची नाय," म्हणायचा. पुरात जुनं रजिस्टर भिजलं तेव्हा महिनाभर बसून त्यानं ते नव्यानं उतरवलं, पण पोराच्या बाप्तिस्म्याची ओळ शेजारच्या गुणाजीला बोलावून लिहवून घेतली. तो महिनाभर तो गप्प गप्प होता. ह्यांना कळलं, माझं नाव नाय ते कळलं, या भीतीनं हौसा तेव्हा रजिस्टरापासून लांबच राहायची. त्यानं मात्र कधी विचारलं नाही.

तीन वर्षांपूर्वी तो गेला. जायच्या आधी कबरस्थानात आपल्या जागेशेजारची जागा पावलांनी मोजून म्हणाला होता, "ही तुझी. पण घाई करू नको." तेवढी एक जागा तिला हवी होती. दुसरं काय मागायचं राहिलं होतं या वयात?

"आजी, कुलूप तोडू का? गंजलंच आहे."

"तोडू नको गो," हौसा घाईनं म्हणाली. "त्यांचं कुलूप हाय." आणि तिनं कमरेची चावी काढून दिली. समीक्षानं लगेच ट्रंक पुढं ओढून कुलूप उघडलं.

ट्रंकेत वरच दत्तात्रेयचं पेन होतं, खाली रजिस्टर. समीक्षा एकेका पानाचा फोटो काढत सुटली. हौसा पानं मोजत होती. नेमकं ते साल उघडलं आणि समीक्षाचा फोन वाजला. घरात रेंज कसली? ती अंगणात गेली.

हौसानं रजिस्टर मांडीवर ओढलं. वाचायला तिला त्यानंच शिकवलं होतं. नवऱ्याचं नाव ती तोंडानं घ्यायची नाही, म्हणून "बोलायचं नाय तर लिही तरी," असं म्हणत पाटीवर पहिलं गिरवायला दिलं ते स्वतःचंच नाव. तेही असलं जोडाक्षरांचं! किती हसला होता तेव्हा.

ती खालून वाचू लागली.

अकरा. हौसा.

तिनं डोळे पुसून पुन्हा पाहिलं. हौसाच. अक्षर गुणाजीचं नव्हतं, त्याचं होतं. म्हणजे ह्यांना ठाऊक होतं! ठाऊक असून ह्या काटेकोर माणसानं आपल्या हातानं खोटं लिहिलं, तिच्यासाठी. चौपन्न वर्षांचं ओझं खाली उतरलं आणि ती हुंदका दाबत हसली. जागा मिळणार होती. शेजारीच.

मग नुसतं बघावं म्हणून तिनं त्याच्या नावाकडं बोट नेलं. बायकांची पाच नावं संपली. वर पुरुषांची. पहिली पाच ओळीनं होती.

सहा या आकड्यापुढं काहीच नव्हतं. ओळ कोरी होती.

छातीवर सुकलेला तो पांढरा चिखल तिला आठवला. म्हणजे पाळकांपर्यंत पोचायच्या आधीच हेही रांग सोडून बांधाकडं धावले होते.

"हो पाळकसाहेब, त्याच पानावर आहे," समीक्षा अंगणात बोलत होती. "काढते फोटो."

हौसानं ट्रंकेतलं पेन उचललं. दोनदा घासल्यावर ते उठलं. जन्मात कधी तोंडानं न घेतलेलं नाव ती सहाव्या ओळीवर लिहू लागली. उंबऱ्याशी समीक्षाच्या चपला वाजल्या, तेव्हा ती 'त्रे'वर पोचली होती.